पापाचे वाटे

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे ढेकण्याच्या मागे गेली. काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषणारा हा किडा. हवा ढगाळ झाली की त्याचे फावते आणि मोहोर करपून काळा पडतो. मी आभाळाची, दमटपणाची आणि किडीची नोंद ठेवायचे आणि दोडामार्गच्या शेतकऱ्यांना सांगायचे, डोंगरउतारावर वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ची कलमे लावा. त्यांनी लावली. झाडी उतरली, कलमे वर चढली, घरात पैसा आला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले आणि २०१६ मध्ये ताप आमच्या केर गावात आला. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा ध्यानात आला. त्याचा विषाणू पुण्याच्या संशोधन केंद्राने शोधला. मी ढेकण्या सोडला आणि गोचिडी मोजू लागले. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढायचा, थोड्या थोड्या अंतरावर उलटून पाहायचा. तिळाहून लहान ठिपके चालताना दिसतात.

त्यानंतरच्या एका फेब्रुवारीत एका बागेत वानर मरून पडला. बागेचे मालक सत्तरीच्या पुढचे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांनी नारळ आणि लाल कापड आणले होते. आमच्याकडे वानर मेला तर तो मारुतीच गेला असे मानून माणसासारखा निरोप देतात. मी त्यांना हात धरून अडवले. वानर मेला की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात नव्या अंगाची वाट पाहतात. म्हणून भोवती पन्नास फूट गोचीड मारणारी पावडर मारायची आणि हातमोजे घालून देह जाळायचा.

आबा पावडरीच्या रेषेबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, हो वांदर माझ्याच बागेत कित्याक मेलो? पाप कोणाचा?"

मी पाप बाजूला ठेवले आणि कारण सांगितले. पावसाच्या सुरुवातीला मोठी गोचीड गुरांचे रक्त पिऊन गळते आणि पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरला की त्यांतून बारीक पिल्ले निघतात. त्यांची पुढची अवस्था डिसेंबरापासून उन्हाळ्यापर्यंत फिरते, म्हणजे नेमकी काजू वेचायच्या दिवसांत. विषाणू तीच माकडांत आणि माणसांत नेते. पुण्याच्या केंद्रात काम केलेल्या होर्हे बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवले होते, की माणसाने जंगल मोडले, गुरे आत सोडली आणि त्यामुळे गोचीड वाढली. गायीपासून हा ताप होत नाही, पण मोठ्या गोचिडीला ती पोसते.

"म्हणजे गायनच मारुतीक मारल्यान?"

ह्या प्रश्नापुढे माझे चौतीस वर्षांचे काम गप्प झाले. आई मानलेली गाय आणि देव मानलेला वानर एकाच साखळीचे दोन दुवे आहेत, हे मी तक्त्यात अनेकदा मांडले होते. पण कोणाला तोंडावर सांगितले नव्हते.

माझे वडील चातुर्मासात गीता वाचत. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एकटा मीच करणारा असे जो मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही तिथे म्हटले आहे. त्या दुपारी मी आबांना हेच सांगितले. रान, पाऊस, गुरे, गोचीड, माणूस. एकट्याचे हे काम नव्हे. मला वाटले, त्यांचे मन हलके होईल.

त्यांनी थोडा विचार केला. "बरा. पाच वाटे झाले. मग माझो वाटो केवढो?"

वाटे करणे हा तर माझा धंदा. आम्ही संख्याशास्त्राने पावसाला इतके, झाडीच्या आच्छादनाला इतके, गुरांच्या वावराला इतके असे श्रेय वाटून देतो. पण ज्या तक्त्यात मी रान आणि गुरे भरली त्यात कलमे लावा म्हणून सांगणाऱ्या बाईचा रकाना नव्हता. कारणे अनेक आहेत असे म्हटले की आम्ही शास्त्रज्ञ सुटकेचा श्वास टाकतो, आणि काही भाविक तोच श्वास दैव हा शब्द उच्चारून टाकतात. गीतेत कर्ता पाचांतला एक आहे, पण तो वगळलेला नाही. वाटा किती हे मोजता आले नाही म्हणून तो शून्य होत नाही, हे मला कोणत्याही व्याख्यानात उमगले नव्हते. शास्त्र कार्यकारण दाखवते, त्यातल्या आपल्या हिश्शाचे ओझे उचलायला मात्र माणसाला वेगळ्या भाषेची गरज लागते. मला ती आबांच्या प्रश्नात सापडली.

मी म्हटले, "आबा, तुमचा सांगता येत नाही. पण एक वाटा माझा आहे. ही कलमे मी लावायला सांगितली होती."

ते काही बोलले नाहीत. धूर ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी नारळ पावडरीच्या रेषेला लागून, पण बाहेरच्या बाजूला ठेवला, आणि लाल कापडाची घडी करून माझ्या हातात दिली.

नोकरी संपून चार वर्षे झाली. जानेवारी लागला की मी अजून त्या गावात जाते. सकाळी बाया काजू वेचायला निघण्याआधी त्यांच्या पायांना गोचीड हटवणारे तेल लावून देते, आणि संध्याकाळी पोरांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत ठिपके शोधते. आबांचा पाय मी स्वतः पाहते. ते नको म्हणतात, मग पुढे करतात.