सुटींतील स्वस्थता

सुटी मिळणें आणि स्वस्थता मिळणें या दोन्ही गोष्टी एकच आहेत असें आपण धरून चालतों. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली कीं सामान बांधून चिखलदऱ्यास नाहीं तर महाबळेश्वरास जावयाचें, आणि परतल्यावर प्रवासाचा शीण घालविण्यासाठीं आणखी दोन दिवस रजा काढावयाची, हा क्रम आतां इतका रूढ झाला आहे कीं त्यांतील विसंगति कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. स्थळ पालटलें म्हणजे मन पालटतेंच असें नाहीं, हें सेनेकानें ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांत पहिल्या शतकांतच सांगून ठेविलें आहे; परंतु आगगाडीचीं तिकिटें काढतांना सेनेकाचें स्मरण कोणास होणार?

वर्ध्याहून आर्वीच्या वाटेनें निघालें म्हणजे धाम नदीच्या कांठीं आंजी (मोठी) हें गांव लागतें. सुटीचे कांहीं दिवस आम्ही तेथें घालवितों. हवा खाण्याचें ठिकाण म्हणून या गांवाचें नांव कोणी घेणार नाहीं. वैशाखांतील ऊन म्हणजे काय हें वर्धेकरांस सांगावयास नको. तथापि सुटी कशी असावी याचा नमुना पाहावयाचा असेल तर तो अशा गांवींच, पोळ्याच्या दिवशीं, पाहावा. आदल्या दिवशीं बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात, त्यास दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें आवतण देतात, आणि पोळ्यास त्याच्या मानेवर जूं म्हणून ठेवीत नाहींत. ‘एवढा एकच फेरा’ असें म्हणून त्यास औताला कोणी जुंपीत नाहीं. शिवाय हा सण येतो तोंवर पेरणी-डवरणीची मुख्य कामें उरकत आलेलीं असतात. म्हणजे विश्रांतीची जागा आधींच नेमून ठेवलेली. आम्हां शिकलेल्या लोकांची सुटी पाहावी तर मानेवर जूं तसेंच! नदीकांठीं बसलों तरी खिशांतील मोबाईल वाजतो, आणि न वाजला तर कां वाजला नाहीं याची काळजी लागते.

याच धामेच्या कांठीं, आंजीच्या खालच्या अंगास, पवनार आहे. 1938 सालीं विनोबा भावे यांची प्रकृति इतकी खालावली होती कीं वजन 88 पौंडांवर आलें. गांधीजींनीं हवापालटासाठीं एखाद्या थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याचें सुचविलें. विनोबांनीं निवडलें तें पवनार. वर्ध्यापासून दोन-तीन कोसांवरचें. तेथें टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. धामेवरील पूल ओलांडतांना आपण सर्व सोडलें, असें त्यांनीं तीनदां उच्चारलें, आणि पलीकडे गेल्यावर आश्रमाची चिंता खरोखरच बाळगली नाहीं. प्रथम रोज पांच मिनिटें खणावयाचें, मग हळूहळू वेळ वाढवावयाचा, एवढाच उद्योग. कांहीं महिन्यांत प्रकृति सुधारली. हवा तीच, नदी तीच, ऊनहि तेंच. केवळ पुलाच्या अलीकडचें ओझें पलीकडे नेलें नाहीं.

पण चिंता सोडणें म्हणजे कर्तव्य सोडणें नव्हे काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. आमचें मत असें कीं पुष्कळशी चिंता ही कर्तव्याचें रूप घेतलेला अभिमान असतो. आपल्यावांचून कचेरी अडेल, परीक्षेचे निकाल लागणार नाहींत, अशी समजूत आपणांस मनांतून गोड वाटते, आणि म्हणूनच ती टाकवत नाहीं. शंभर कोसांवर बसून केलेल्या काळजीनें कचेरींतील एक कागदहि हलत नाहीं. काम दुसऱ्यावर नीट सोंपवून येणें हें कर्तव्य. सोंपवूनहि विश्वास न ठेवणें हा त्या दुसऱ्याचा अपमानच होय.

परंतु सर्वच चिंता या जातीची नसते. दिवाळीच्या सुमारास आंजीच्या शिवारांत कापूस फुटलेला असतो, वेचणीस माणसें मिळत नाहींत, आणि अशा वेळीं आभाळ भरून आलें तर त्या शेतकऱ्यास मन शांत ठेवण्याचा उपदेश करणें हें शहाणपण नसून निर्दयपणा आहे. त्याची काळजी अभिमानाची नाहीं, पोटाची आहे. शांतीवरील ग्रंथ लिहिणाऱ्यांस ही वस्तुस्थिति फारशी दिसत नाहीं, कारण ते बहुधा वेचणी संपल्यावर गांवीं येतात.

दुसरी अडचण याहून जवळची आहे. विनोबा एकटे होते; त्यांनीं खाली ठेविलेलें ओझें घरांतील कोणाच्या डोक्यावर गेलें नाहीं. गृहस्थाचें तसें नाहीं. तो झोपाळ्यावर बसून चित्तशांतीचा अनुभव घेत असतो, तेव्हां दहा पाहुण्यांचा स्वयंपाक, मुलांचीं अंथरुणें, तिसऱ्या प्रहरचा चहा हें सर्व कोणी तरी करीतच असतें. सुटींत पुरुषांचें काम थांबतें आणि बायकांचें दुप्पट होतें, हा आमच्या मध्यमवर्गाचा अलिखित नियम आहे. दुसऱ्याच्या खर्चानें मिळविलेल्या अशा स्वस्थतेस स्वस्थता म्हणावयास आमची तरी जीभ रेटत नाहीं.

गेल्या दिवाळींत आंजीस गेलों तेव्हां चार दिवस चूल घरांतील पुरुषांनींच सांभाळावयाची, असें ठरविलें. पहिले दोन दिवस आमचें कुटुंब घटकाघटकेनें उठून स्वयंपाकघरांत डोकावून येई; मीठ कोठें आहे, तूप कितपत तापलें आहे, हें ओसरीवरूनच विचारी. तिसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटला, कवाडें आपटलीं, मुलांनीं अंगणांत पुष्कळ गलका केला; परंतु तिला कांहींच ऐकूं गेलें नाहीं. ती स्वस्थ झोंपली होती.