परकराची नाडी

पोटाच्या डायलिसिससाठी आईला नळी बसवायची ठरली, तेव्हा सिस्टरांनी तिला नेहमीसारखी साडी नेसून यायला सांगितलं. उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं. परकराची नाडी कुठे रुतते ते पाहून पोटावर पेनाने खूण केली. त्या रेषेवर नळीचं तोंड येता कामा नये. रोज तिथेच नाडी काचली की कातडी सोलवटते आणि सोलवटलेल्या कातडीतून जंतूंना वाट मिळते. एवढ्या मोठ्या आजारात परकराच्या नाडीचा विचार करणारं माणूस भेटलं, हे आठवलं की अजून भरून येतं.

जखम झाली की ती भरून यायची वाट पाहायची, एवढंच आपल्याला माहीत. नळीसाठी पाडलेलं हे भोक मात्र भरायचं नाही. नळी तिथेच राहणार, कदाचित वर्षानुवर्षं. सिअ‍ॅटलच्या हेन्री टेंकॉफ यांनी 1968 मध्ये सिलिकॉनच्या नळीवर डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या दोन पट्ट्या बसवल्या. आजही बहुतेक नळ्या त्याच धाटणीच्या असतात. एक पट्टी पोटाच्या स्नायूशी, दुसरी कातडीखाली, तोंडापासून दोनेक सेंटिमीटर आत. काही आठवड्यांत शरीराच्या पेशी त्या धाग्यांत शिरतात आणि नळीला घट्ट धरतात. जंतूंच्या वाटेवरचा बांध शरीर स्वतःच घालतं! तो हलू द्यायचा नाही, एवढं आपल्याकडे. म्हणून नळी पोटावर चिकटपट्टीने नीट बसवायची आणि डायलिसिसच्या द्रावाची पिशवी बदलताना तिला ओढ लागू द्यायची नाही. एका हिसक्यानेही तोंडाशी इजा होते.

सकाळी आंघोळीनंतर मी साबणाने हात धुते, कोरडे करते आणि आधी नळीच्या तोंडाची जागा नुसती बघते. लाली आहे का, सूज आहे का, दाबल्यावर दुखतं का, पू आहे का. मग जागा स्वच्छ करून कोरडी करायची आणि सांगितलेलं मुपिरोसिनचं मलम लावायचं. ते मुख्यतः स्टॅफिलोकोकससाठी. हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात काही त्रास न देता राहतो, म्हणजे कदाचित माझ्याही. खपली धरली असेल तर ती ओढायची नाही, भिजवून आपसूक सुटू द्यायची. आईला तिथे फार खाजतं. त्या वेळी ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. पू दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा, सोमवारची वाट पाहायची नाही. संसर्ग नळीच्या कडेने आत पोटापर्यंत पोचला तर नळीच काढावी लागू शकते.

परवा लग्नाला जायचं होतं. जरीची साडी, घट्ट निऱ्या. आईने नाडीची गाठ मारली, थांबली, परकरावरूनच ती जागा चाचपली आणि गाठ पुन्हा सोडली.

"बघ गं," म्हणाली, "नळी मोकळी आहे ना?"