भिंतीबाहेरचा मान, भिंतीआडचा हिशेब



चारचौघांतला मान टिकवण्यासाठी कर्ज काढणे योग्य आहे का? आपण लगेच ‘नाही’ म्हणू. पण घरात लग्नकार्य निघाले की हेच उत्तर इतके सोपे राहते का? आज या प्रश्नासाठी मी तुम्हाला जपानमधल्या कानाझावा शहरात घेऊन जाणार आहे.

कानाझावा ही मायेदा घराण्याच्या कागा संस्थानाची राजधानी. १५८३ मध्ये मायेदा तोशिइए इथे आले. पुढे या संस्थानाचे उत्पन्न दहा लाख कोकू तांदूळ इतके मोजले जाई. त्या काळी जपानमध्ये श्रीमंती तांदळातच मोजत. किल्ल्याजवळच्या नागामाची या भागात सामुराई राहत. आजही तिथे गेलात, तर अरुंद गल्ल्या, बाजूने वाहणारा पाण्याचा पाट आणि दोन्हीकडे कौलांची टोपी घातलेल्या पिवळसर मातीच्या उंच भिंती दिसतील. त्या भिंतींकडे पाहून वाटते, आत किती वैभव असेल!

आता आत जाऊया. नोमुरा या सामुराई घराण्याची वास्तू पाहायला खुली आहे. पण १८६८ च्या सत्तांतरानंतर त्यांचे मूळ घर टिकले नाही. आज दिसणारी देखणी दालने एका श्रीमंत जहाज व्यापाऱ्याच्या घरातून आणून इथे बसवलेली आहेत. भिंत सामुराईची आणि दालन व्यापाऱ्याचे!

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे मला तिथली सर्वांत बोलकी वस्तू वाटते ती हिशेबाची वही. याच संस्थानात इनोयामा नावाचे सामुराई कुटुंब होते. त्यांचे काम तलवारीचे नव्हते, संस्थानाचे हिशेब ठेवण्याचे होते. १८४२ ते १८७९ अशी ३७ वर्षे त्यांनी स्वतःच्या घरचाही जमाखर्च लिहिला. इतिहासकार इसोदा मिचिफुमी यांनी त्यावर २००३ मध्ये पुस्तक लिहिले.

ती वही काय सांगते? कुटुंबावर वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट कर्ज होते. हे कर्ज व्यसनापायी झाले नव्हते. सामुराई म्हटले की नोकर ठेवायचे, भेटवस्तू द्यायच्या, समारंभ करायचे, आल्यागेल्याचे आदरातिथ्य करायचे. हे सोडले, तर नातीही सुटणार. म्हणून त्यांना नुसते ‘दिखाऊ’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

पण एक दिवस त्यांनी हिशेब समोर ठेवला. कपडे आणि किमती वस्तू विकून कर्ज फेडायला घेतले. त्याच दिवसांत घरी लेकराचा एक मंगल सोहळा आला. जपानमध्ये अशा वेळी पानात ताई नावाचा मासा शुभ मानतात, आणि तो महाग. त्यांनी काय केले? माशाचे चित्र ठेवले! सोहळा केला, पाहुण्यांना बोलावले, फक्त ऐपत नव्हती ते उसने आणले नाही.

हे वाचताना मला आमचे घर आठवले. ताईच्या लग्नाला मोठा हॉल घ्यायचा हट्ट माझाही होता. “मैत्रिणी काय म्हणतील?” असे मीच बाबांना म्हणाले होते. नंतर त्यांच्या पासबुकात दर महिन्याला वजा होणारा हप्ता पाहिला, तेव्हा लक्षात आले की कॉलेजात मी कंपन्यांचे ताळेबंद जुळवत होते, पण घरचा एकदाही विचारला नव्हता. बाबांनी कधी सांगितले नाही. त्यांनाही भिंत सांभाळायची होती, आणि ती माझ्यासाठीच.

म्हणून मला वाटते, खरा प्रश्न खर्चाच्या आकड्याचा नाही. खर्च नात्यासाठी आहे की नजरेसाठी, हे ओळखण्याचा आहे. नात्याला माशाचे चित्र चालते. नजरेला मासाच लागतो, आणि उद्या त्याहून मोठा लागतो. अपरिग्रह म्हणजे पाहुण्यांना दार बंद करणे नव्हे. जे आपले नाही ते आपले म्हणून मांडायचे नाही, एवढेच.

पुढे १८७१ मध्ये संस्थाने गेली. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, आणि सामुराईंचे वंशपरंपरागत वेतन बंद करून त्यांच्या हाती सरकारी रोखे दिले गेले. बाहेरचा मान असा पाच वर्षांत गेला. इनोयामांच्या मुलाला मात्र नव्या सरकारच्या नौदलात हिशेबाचे काम मिळाले. प्रामाणिक माणसाला नेहमी असेच फळ मिळते, असे मी म्हणणार नाही. पण घरी शिकलेली विद्या कोणत्याही हुकमाने काढून घेता आली नाही, हे खरे.

या रविवारी एक करून पाहाल? घरातल्या सर्वांनी मिळून एका कागदावर वर्षभराचे समारंभ लिहा. प्रत्येकापुढे ‘नाते’ किंवा ‘नजर’ यांपैकी एकच शब्द लिहा. मुलांनाही बसवा. आम्ही हे केले, तेव्हा पहिला ‘नजर’ हा शब्द मी लिहिला, त्या हॉलपुढे. बाबा काही बोलले नाहीत, पण हप्त्यांची वही त्यांनी माझ्या हाती दिली.

हिवाळ्यात नागामाचीच्या त्या भिंतींवर बर्फापासून जपण्यासाठी गवताच्या चटया टांगतात. त्या कुणी लपवत नाही. साधे गवत अंगावर घेतल्याने भिंतीचा मान कमी झाला, असे तिथे कुणालाच वाटत नाही.