मेजाचें लाकूड

मेज करवून घ्यावयाचें तर लाकूड कोणतें निवडावें, हा प्रश्न बहुतेक लोक दराचा समजतात. ऐपत असेल त्यानें सागवान घ्यावें, नसेल त्यानें आंब्यावर भागवावें, आणि सुताराची कटकट नको असेल त्यानें बाजारांतून तयार मेज आणावें. येथें प्रश्न संपला! आम्हांसहि याहून अधिक कांहीं सुचलें नव्हतें. परंतु अलीकडे असा एक प्रसंग आला कीं, हा प्रश्न दराइतकाच नीतीचाहि आहे, असें आम्हांस वाटूं लागलें. प्रसंग अगदीं घरगुती आहे. पण नीतीचे पुष्कळसे प्रश्न घरांतच उत्पन्न होतात, हें वाचकांस ठाऊक आहेच.

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाच्या बाजूस आमचें वडिलोपार्जित माळवदाचें घर होतें. दगडमातीच्या जाड भिंती, लांकडी खांब, त्यांवर तुळया आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जड थर, हें स्वरूप मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत असलींच घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, तेव्हांपासून माळवदाखालीं स्वस्थ झोंप लागेनाशी झाली. पुढें २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत आमच्याच जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, आणि घर उतरवावें असें सर्व भावांचें मत पडलें. घर उतरलें. मागें मातीचा ढीग राहिला आणि सागाच्या चार तुळया राहिल्या. त्यांतील एक आमच्या वांट्यास आली.

भावांनीं आपापल्या तुळया विकल्या. आम्हीं मात्र त्या तुळईचें मुलांच्या लिहिण्यावाचण्यासाठीं एक मोठें मेज करावें असें ठरविलें आणि गांवच्या वृद्ध सुतारास बोलाविलें. त्यानें तुळई पाहिली, वाकसाचा एक हलका घाव घालून आंतला रंग पाहिला, आणि तीन प्रश्न विचारले: मेज कोठें ठेवणार, त्यावर काय करणार, आणि तें किती पिढ्या टिकावें? नंतर तो म्हणाला, "गुरुजी, लाकूड अस्सल आहे, पण खिळ्यांची भोकं आहेत, खांबाची खाच आहे. रुंद फळी निघायची नाही, जोड द्यावा लागेल. त्यापरीस अंगणातला लिंब पाडा. चांगल्या रुंद फळ्या निघतील, अन् कडू असल्यानं कीडही लवकर लागत नाही."

प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दहाव्या भागांत पलंग आणि मेज यांचाच दाखला घेतला आहे. सुतार मेजाच्या मूळ कल्पनेकडे दृष्टि ठेवून मेज घडवितो, असें तो म्हणतो. आमच्या सुताराची दृष्टि मात्र कल्पनेकडे नव्हती, लाकडाकडे होती. लाकूड वाळतांना लांबीला जवळजवळ आटत नाहीं, रुंदीला आटतें; त्यांतहि वलयांच्या दिशेनें जेवढें आटतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्यापासून सालीकडे आटतें. ह्या विषमतेमुळें ओली फळी पिळते. मे महिन्यांतला आमच्याकडचा कोरडा उन्हाळा आणि जुलै महिन्यांतली दमट हवा यांच्यामध्यें चांगली वाळलेली फळीहि थोडी कमीजास्त होतेच. म्हणून जाणता सुतार फळी चौकटीला घट्ट न ठोकतां तिला हलावयास जागा ठेवतो. मेजाची कल्पना कितीहि निर्दोष असो, लाकडाचा स्वभाव ओळखल्यावांचून ती उभी राहत नाहीं. माणसांच्या बाबतींतहि आम्ही हीच चूक वारंवार करतों: आदर्श आधीं ठरवितों आणि ज्यांच्याकडून तो साधावयाचा, त्यांचा स्वभाव विचारीत नाहीं.

कच्च्यापक्क्याचा विचार तर आमच्या भूमीस नवा नाहीं. नामदेवांचें नरसी गांव ह्याच जिल्ह्यांत आहे. संतांच्या मेळाव्यांत गोरोबांनीं थापटणें हातीं घेऊन एकेकाची परीक्षा केली आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें. मग ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे आले, अशी कथा आहे. ह्या कथेंत आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, कच्चेपणा हा अपराध नव्हे. ती एक अवस्था आहे आणि तिच्यावर काळ हा उपाय आहे. आज पाडलेला लिंब कच्चा होता. त्यास वाळावयास कित्येक महिने लागले असते. आमची तुळई कित्येक पिढ्या छपराखालीं वाळत होती.

परंतु एवढ्यानें निर्णय होत नाहीं. कारण वाळवणें हें कौशल्याचें काम आहे, नीतीचें नव्हे. नीतीचा प्रश्न असा होता कीं, जिवंत लिंब पाडावा कीं नाहीं? त्याच्या सावलींत शेजारच्या दोन म्हाताऱ्या रोज दुपारीं शेंगा निवडीत बसतात. झाड आमच्या अंगणांत आहे, म्हणून तें आमचें; पण सावली कोणाची? महाराष्ट्रांत १९६४ पासून असा कायदा आहे कीं, साग, आंबा, चिंच, मोह यांसारखीं झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडूं नयेत. मालकीला मर्यादा आहे हें तत्त्व त्यांत मान्य झालेलें आहे. तथापि कायदा करावा लागतो तेथें शेजारधर्म थोडा कमी पडलेला असतो. म्हाताऱ्यांनीं आम्हांस कांहींच विचारलें नाहीं, आणि त्या विचारणार नाहींत हें ठाऊक असल्यामुळेंच त्यांच्या वतीनें आम्हांस विचार करणें भाग होतें. लिंब राहिला.

आतां तुळईविषयीं. जुनें लाकूड वापरून आपण एक झाड वांचविलें, असें समाधान मानण्याचा मोह आम्हांस झाला. पण हिशेब नीट केला तर तो टिकत नाहीं. भावांनीं विकलेल्या तुळयाहि कोणाच्या तरी दारांखिडक्यांस लागल्याच असतील. तितका नवा साग तेथें कमी लागला असेल. एका भावानें त्या पैशांतून मुलीच्या शिक्षणाचें शुल्क भरलें. त्याच्या तुळईचें मेज झालें नाहीं, पण त्या मुलीचें शिकणें झालें. आणि मेज तरी आम्हांस शिकण्यासाठींच हवें होतें! तेव्हां आम्हीं भावांहून कांहीं अधिक पुण्य केलें, हें म्हणणें खोटें आहे. आमच्या निवडीच्या मुळाशीं केवळ प्रेम होतें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ज्या प्रेमाचा खर्च आपला आपणच सोसतों, त्यास नीतीची हरकत नसावी. ज्याचा खर्च दुसऱ्यावर पडतो, त्यास असावी. लिंबाच्या रुंद फळीची हौस म्हाताऱ्यांनीं सोसली असती. तुळईची हौस आमच्या खिशानें सोसली. दोहोंतला हा भेद आम्हांस खरा वाटतो.

शेवटीं भोकांचा प्रश्न राहिला. सुतारानें विचारलें, "लुगदी भरून वर पॉलिश मारू का? कुणाला कळणार नाही." कोणाला कळणार नाहीं, ह्या शब्दांनीं आम्ही थबकलों. भोंक बुजविणें वाईट नव्हे; लिहितांना कागदास टोंक लागूं नये म्हणून तें बुजविलेंच पाहिजे. पण पाहुण्यानें जुनें लाकूड नवें समजावें म्हणून बुजविलें, तर तेंच काम लबाडीचें होतें. उलटपक्षीं, भोकें मुद्दाम उघडीं ठेवून येणाराजाणाराला वाडवडिलांच्या घराची कथा ऐकविणें, हाहि एक दिखाऊपणाच. मग सुतारानें तोड काढली: सागाच्याच खुंट्या भोकांत ठोकून त्यानें वर रंधा मारला. हाताला कांहीं लागत नाहीं. डोळ्याला, पाहूं म्हटलें तर, दिसतें.

मेज आतां नव्या घरांत खिडकीशीं आहे. त्याच्या एका कडेला जुन्या खांबाची खाच आहे. तिच्यांत धाकटी मुलगी आपली पेन्सिल ठेवते. ती खाच कशाची, असें तिनें अजून विचारलेलें नाहीं. विचारील तेव्हां सांगूं. तोंपर्यंत तिला ती पेन्सिलीसाठींच केलेली वाटते, आणि त्यांत तिची चूक आहे असें आम्हांस वाटत नाहीं.