सरमेचा प्रश्न

गेल्या महिन्यातील एका रविवारी आदर्शनगरातील आमच्या बिऱ्हाडी मुलांनी ‘दिल्ली सफारी’ हा २०१२ सालचा चित्रपट लावला होता. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील रान यंत्रांखाली भुईसपाट होऊ लागते, तेव्हा तेथील प्राणी दाद मागण्यासाठी थेट दिल्लीस निघतात आणि मनुष्यवाणी अवगत असलेला एक पोपट आपला वकील म्हणून पळवून नेतात, अशी त्याची कथा. अर्ज घेऊन दिल्लीस निघालेल्या कोणाविषयीही आमच्यासारख्या कारकुनास थोडी कणव वाटतेच. मुले मात्र पोट धरधरून हसली. चित्रपट संपल्यावर आमच्या आठ वर्षांच्या कन्येने सहज विचारले, “बाबा, आपल्या मोत्याला बोलता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता?”

त्या प्रश्नाने आमची त्या दिवसाची दुपारची झोप तर गेलीच, पण त्यानंतरच्याही काही गेल्या.

बोलणारे पशू आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातील कोल्हे आणि कावळे राजपुत्रांना नीती शिकवतात. पण ती नीती माणसांची, राज्यकारभाराची. पैठणच्या रेड्याने वेद म्हटले, ही कथा तर आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. अत्यंत नम्रतेने आम्ही एवढेच विचारतो, की त्या रेड्याने माणसांचे वेद म्हटले, पाठीवरच्या आसुडाविषयी तो एक शब्द तरी बोलला काय? ते वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. म्हणजे रेड्याचे गाऱ्हाणे मांडावयास अखेर एका माणसाचीच पाठ लागली. पशूच्या मुखी आपण वाणी घालतो ती बहुधा आपलीच असते. म्हणूनच ती ऐकताना इतके मोकळेपणाने हसू येते.

अपवाद एक आहे, आणि तो महाभारताच्या आरंभीच आहे. जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचा पोरगा, एक कुत्रा, तेथे आला. राजाच्या भावांनी त्याला बडविले. तो रडत आईकडे गेला. आईने प्रथम त्यालाच विचारले, की तूच काही आगळीक केली असशील. त्याने सांगितले, हविर्द्रव्याकडे मी पाहिले नाही, ते चाटलेही नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने विचारले : याचा अपराध काय? कोणीही उत्तर दिले नाही. ‘निरपराध्यास मारलेत, तुम्हांवर अकल्पित भय येईल,’ असा शाप देऊन ती निघून गेली. पुढे राजाने काय केले? सरमेस उत्तर पाठविले नाही. शापाचे निवारण करील असा पुरोहित शोधून त्याची नेमणूक केली. सचिवालयाच्या पायऱ्या झिजविलेल्या वाचकांना ही कार्यपद्धती ओळखीची वाटेल.

लेओनी स्वान या जर्मन लेखिकेची २००५ सालची ‘ग्लेनकिल’ ही कादंबरी अशाच बोलक्या पशूंची आहे. आपल्या मेंढ्यांना पुस्तके वाचून दाखविणारा एक धनगर कुरणात मेलेला सापडतो आणि मेंढ्या खुन्याचा शोध घेऊ लागतात. मौज अशी, की मेंढ्यांना माणसांचे बोलणे कळते, माणसांना मात्र मेंढ्यांचे कळत नाही. विनोद त्यातूनच उपजतो. आम्हांस मात्र त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली : साक्षीदार आधीपासून होते, त्यांची साक्ष कोणत्या दप्तरात नोंदवावयाची, एवढेच ठरलेले नव्हते.

आता मोत्याविषयी. मागच्या नेमणुकीच्या गावी तो पाच वर्षे आमच्या दारी होता. विकत आणलेला नव्हे. आला आणि राहिला. रोज सायंकाळी सातला त्याची भाकरी. बदलीचा हुकूम आल्यावर तयारीस आम्हांस दीड महिना मिळाला. आमच्या श्रेणीच्या नोकरास १५०० किलो सामान आणि एक दुचाकी नेण्याचा खर्च मिळतो. मोत्याचे वजन पंधरा किलोंहून अधिक नसावे. रेल्वेतून कुत्रा नेता येतो. त्यासाठी पशुवैद्याचा दाखला आणि दोन-चार खेटे, एवढेच. आम्ही कपाट आणले. मोत्या शेजाऱ्यांकडे सुखात आहे, असे मुलांना सांगितले.

कचेरीतील एका स्नेह्यांनी आमची समजूत घातली. ज्या आदर्शनगरात तुम्ही राहता, ती वस्ती फाळणीत सर्वस्व टाकून आलेल्यांनी उभारली. तेथे बसून कुत्र्याचे दुःख काय सांगता, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. पण त्या लोकांना सोडून येणे भाग होते. आमच्या हाती दीड महिना होता.

वचन शब्दांनी दिले तरच ते वचन, असे आम्ही आजवर समजत आलो; कागदावर नाही ते नाही, हा आमच्या पेशाचा संस्कार. परंतु पाच वर्षे रोज सातला दिलेली भाकरी म्हणजे काय होते? ज्याला वाचता येत नाही, त्याच्याशी करार याच लिपीत होतो. धर्मराजाचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत एक अक्षर बोलला नव्हता. इंद्राचा रथ समोर उभा असताही धर्मराजाने त्याला सोडले नाही. आम्हांस रथ मिळाला नव्हता, ट्रक मिळाला होता.

आमच्या मागे मोत्या बंद दाराशी बसून असे आणि शेजाऱ्यांनी घातलेले खात नसे. मग एके सकाळी तो दिसेनासा झाला. शेजाऱ्यांनी हे दूरध्वनीवरून केव्हाच कळविले होते.

त्या रविवारनंतर चार दिवसांनी आम्ही मुलीला हे सांगितले. ती रडली नाही. चित्रपटांतील गुप्तहेरासारखे तिने क्रमाने विचारले : कोणत्या दाराशी? पाऊस होता का? मग, “किती दिवस बसला होता, बाबा?”

आम्ही म्हणालो, “नऊ.”

शेजाऱ्यांनी अकरा सांगितले होते.