इंजिनाचा ठोका आणि शिशाचा उतारा

चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये तशीच रेटली, की बॉनेटखालून खडखड ऐकू येते. लोखंडी डब्यात खडे हलवावेत तसा हा आवाज. गॅरेजमध्ये म्हणतात, ‘इंजिन नॉक करतंय.’ शंभरएक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरला याच आवाजाने हैराण केलं होतं.

१९१२च्या कॅडिलॅक मोटारीला त्याने विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारं इग्निशन दिलं. हँडल मारण्याची कटकट गेली. पण इंजिन ठोकू लागलं, की लोक त्याच्या इग्निशनकडे बोट दाखवत. आळ खोटा ठरवायचा तर खरा गुन्हेगार हाती लागायला हवा. १९१६ साली केटरिंगने थॉमस मिडग्ली या तरुण सहकाऱ्याला या कामावर बसवलं.

मिडग्लीने छडा लावला. प्लगची ठिणगी पडली, की ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि त्याचा धक्का सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो. इंजिन तापलेलं असलं, आत कार्बन साचला, ठिणगीचं टायमिंग फार पुढे गेलं किंवा कमी वेगात जास्त ओझं ओढायला लावलं, की हे घडतं. मूळ दोष मात्र त्या काळच्या इंधनात होता. ते दाब सोसत नव्हतं.

उपायाची सुरुवात गमतीची झाली. बर्फातही फुलणाऱ्या, तांबूस पानांच्या एका रोपट्यावरून केटरिंगला वाटलं, इंधन लाल केलं तर ते उष्णता लवकर शोषून नीट जळेल. कोठीत लाल रंग नव्हता, म्हणून मिडग्लीने आयोडीन घातलं. ठोका कमी झाला! दुसरा कोणी असता तर नाचला असता. मिडग्लीने इतर लाल रंग घालून पाहिले, एकाचाही उपयोग झाला नाही. मग आयोडीनचं रंगहीन संयुग घातलं, ते लागू पडलं. म्हणजे करामत रंगाची नव्हतीच.

पुढे दोन वाटा समोर आल्या. अल्कोहोल मिसळलं की ठोका थांबत होता, पण ते बरंच मिसळावं लागे आणि कुणालाही गाळता येण्याजोगं होतं. ९ डिसेंबर १९२१ रोजी दुसरी वाट सापडली: टेट्राएथिल लेड. हे शिशाचं संयुग हजारात एखादा भाग घातलं तरी पुरे. स्वस्त, सोयीचं, शिवाय मालकीहक्क राखता येण्याजोगं. शिसं विषारी आहे, हे तेव्हाही जगाला ठाऊक होतं. १९२३च्या सुरुवातीला खुद्द मिडग्लीलाच शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टी घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी शिसं मिसळलेलं पेट्रोल विक्रीला आलं.

१९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार दगावले. मिडग्लीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून घेतलं, त्याची वाफ हुंगली आणि काही धोका नाही असं सांगितलं. विक्री मध्ये काही काळ थांबली, पण पुन्हा सुरू झाली. मग अनेक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं हवेत मिसळत राहिलं, मुलांच्या मेंदूंना इजा करत राहिलं. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झालं, तर जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. आज आपल्या पंपांवर पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं इथेनॉल, म्हणजे तेव्हा बाजूला सारलेलं अल्कोहोल!

मिडग्ली हुशार होता, कष्टाळू होता, त्याचं निदानही अचूक होतं. आयोडीनच्या वेळी त्याने यशावरही संशय घेतला. शिशाच्या वेळी तो घेतला नाही, कारण तेव्हा फायदा समोर दिसत होता.

तुमची गाडी घाटात ठोकू लागली, तर आधी खालचा गिअर टाका, मग कूलंट, कार्बन आणि टायमिंग तपासून घ्या. कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचं, म्हणजे ठोका न देता दाब सोसणारं, पेट्रोल भरता ना, तेही पाहा. नुसती ऑक्टेन वाढवणारी बाटली ओतून आवाज दबेल, पण कूलंट कमी असलं तर इंजिन तापतच राहील. आणि गाडी असो वा संसार, उपाय लागू पडला एवढ्यावर समाधान मानू नका. त्याची किंमत कोण मोजणार, हेही विचारा.