शिवणीतली माया

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी पुतण्याचे लग्न होते. त्यानिमित्ताने माझा बंदगळ्याचा कोट कपाटातून बाहेर निघाला. निवृत्तीच्या समारंभासाठी विकत घेतलेला हा कोट बारा वर्षांनी अंगावर चढवला, तेव्हा त्याच्या दोन बाजू पोटावर एकमेकींना भेटेनात. राजवाड्याजवळच्या ज्या शिंप्याकडे मी कित्येक वर्षे जातो, त्याने कोट उलटा केला, शिवण चाचपून पाहिली आणि मान हलवली. तयार कपड्यात मार्जिन ठेवलेलेच नसते, त्याला आपण काय करणार, असे तो म्हणाला. घरी परतताना मनावर जी खिन्नता आली ती कोटाविषयी नव्हती, पोटाविषयी होती. कापड कमी पडले असे मला वाटले नाही. देह जास्त झाला असे वाटले. दोष कोणाचा, याचा निवाडा मी रस्त्यातच करून टाकला होता. हा निवाडा माणूस इतक्या सहजपणे स्वतःविरुद्ध का देतो, आणि पुष्कळदा दुसऱ्याविरुद्धही का देतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

शिंपी ज्याला मार्जिन म्हणतो त्याला आमच्या घरात माया म्हणत. आईजवळ हाताने फिरवायचे शिवणयंत्र होते आणि आम्हा भावंडांचे सगळे कपडे ती घरीच शिवी. कापड बेतताना शिवणीच्या आत ती बोटभर कापड जास्त सोडी. तीच माया. मूल वाढले की शिवण उसवायची, माया मोकळी करायची आणि पुन्हा टीप घालायची. तोच सदरा आणखी एक वर्ष चाले. ममता, भ्रांती आणि शिवणीच्या आत राखलेले कापड या तिन्हींना मराठीने एकच शब्द वापरावा, याचे लहानपणी काही वाटले नाही. आज वाटते. माया सोडणारी बाई मुलाचे आजचे माप घेते, पण ते अखेरचे मानीत नाही. हा देह बदलणार हे तिने आधीच धरून ठेवलेले असते आणि त्या बदलाला तिची हरकत नसते.

मात्र ही उदारता आपण एका वयापर्यंतच दाखवतो. दहा वर्षांच्या मुलाचा सदरा आखूड झाला तर घरातली माणसे कौतुकाने हसतात. साठीच्या माणसाचा कोट आवळ झाला तर तीच माणसे हसतात, पण त्या हसण्यात कौतुक नसते. बाळंतपणानंतर बाईची चोळी होईनाशी झाली, आजारपणाने गळा सैल पडला, म्हातारपणी पाठ वाकून पदर खांद्यावर ठरेनासा झाला, की ज्याने त्याने ते आपल्या हातून घडलेले काही गैर असावे तसे लपवायचे. वस्तुतः वाढणे आणि उतरणे या एकाच देहाच्या दोन गती आहेत. एकीचे स्वागत आणि दुसरीची लाज, याला रीतीपलीकडे कोणता आधार आहे?

येथे कोणी म्हणेल की हा सारा शिवलेल्या कपड्यांचा दोष आहे. आपला जुना पोशाख असा निवाडा करीत नसे. यात तथ्य आहे. नऊवारी लुगड्याला माप नसते. अहिल्याबाईंनी महेश्वरी ज्या विणकरांना आश्रय दिला, त्यांच्या मागावरचे लुगडे नव्या नवरीला होई, गरोदर सुनेला होई आणि सत्तरीच्या सासूलाही होई. निऱ्या दोन कमी किंवा दोन अधिक, एवढाच फरक. धोतराचेही तेच. अंगावर काय बसते ते वस्त्राने ठरवायचे नसून अंगाने ठरवायचे, असा तो व्यवहार होता. तयार कपड्याच्या गळ्यावर अडतीस, चाळीस, बेचाळीस असे आकडे आले आणि माणूस आपला देह त्या आकड्यांपुढे उभा करू लागला.

पण जुन्या काळाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. ज्या समाजात लुगड्याला माप नव्हते त्याच समाजात ते कोणी कोणते नेसावे याचे नियम पोलादी होते. आपल्याच घराण्यांतल्या किती आजीपणज्यांनी कोवळ्या वयात केशवपन सोसले आणि उरलेले आयुष्य आलवणात काढले! त्या तांबड्या वस्त्राच्या आत कोणताही देह मावत होता. पण तो देह जिचा होता तिला विचारण्याची चाल नव्हती. तेव्हा प्रश्न शिवलेल्या वा न शिवलेल्या कापडाचा नाही. देहाविषयी अखेरचा शब्द कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाशी आपल्या गावाची एक आठवण जोडलेली आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची दोन चित्रे फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल यांनी काढली. 1929 च्या चित्रात तरुण महाराज काळ्या पाश्चात्त्य सायंवेषात उभे आहेत. 1930 नंतरच्या दशकात काढलेल्या दुसऱ्या चित्रात ते पांढऱ्या मराठी पोशाखात, डोईला पगडी घालून गादीवर बसलेले आहेत. माणिकबागेचा राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधवून घेणारा हा राजा वृत्तीने आधुनिक होता. यातला खरा पोशाख कोणता, असा वाद या चित्रांवरून घालता येईल. मला त्यांत निराळेच दिसते. अंगकाठी तीच आहे: सडपातळ, उंच, लांब बोटांची. राजाच्या रूढ कल्पनेत बसणारे भरदार शरीर हे नव्हे. तरीही कोटाने खांदे रुंद दाखवलेले नाहीत आणि अंगरख्याने छाती फुगवलेली नाही. दोन्ही वेषांत देह आहे तसाच ठेवला आहे. चित्रातला हा सहजपणा थोडा चित्रकाराचाही असेल, आणि राजाला हवा तसा शिंपी मिळतो हेही खरे. पण त्यातली गोष्ट आपल्यालाही घेता येण्याजोगी आहे: वेष बदलला तरी देहाची क्षमा मागावी लागत नाही.

यावर गंभीर आक्षेप येईल तो परमार्थाच्या बाजूने. देह नाशिवंत, त्याचे एवढे कोडकौतुक कशाला? आपण ज्या संस्कारांत वाढलो त्यांत हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. त्याचा विचार करताना मला छांदोग्य उपनिषदातील इंद्र आणि विरोचन यांची कथा आठवते. आत्मा जाणून घेण्यासाठी देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे गेले. बत्तीस वर्षे राहिल्यावर प्रजापतीने त्यांना पाण्याच्या पात्रात पाहावयास सांगितले. मग उत्तम वस्त्रे नेसून, अलंकार घालून पुन्हा पाहावयास सांगितले. पाण्यात नटलेली प्रतिबिंबे दिसली. हाच आत्मा, असे समजून विरोचन समाधानाने परतला. इंद्र मात्र वाटेतून माघारी आला. देह नटला की प्रतिबिंब नटते, पण देह आंधळा वा लंगडा झाला तर तेही तसेच होईल. मग यात समाधान ते कसले, असा त्याचा प्रश्न होता.

ही कथा देहाची हौस करणाऱ्यांना ताकीद म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या काळात तिची दुसरी बाजूही पाहावी लागते. पाण्यातले सुंदर रूप म्हणजेच मी, असे मानून विरोचन सुखावला. आरशातले बेढब रूप म्हणजेच मी, असे मानून आपण कष्टी होतो. एक सुखावला, दुसरा खंतावला. चूक एकच आहे. देहाची घृणा हे वैराग्य नव्हे; ती उलट्या अंगाने आलेली आसक्तीच आहे, कारण घृणा करणाऱ्याचीही नजर रात्रंदिवस आरशावरच खिळलेली असते. ज्याला आपला देह मान्य असतो तोच त्याला विसरून दुसऱ्या कामाला लागू शकतो. अंगाला न टोचणारा, मनाला बरा वाटणारा कपडा घालणे म्हणजे मिरवणे नव्हे. दिवसभर स्वतःच्या अंगाकडे लक्ष जाऊ नये, याची ती साधी तजवीज आहे.

हे सगळे मला आज सुचते. जेव्हा सुचावयास हवे होते तेव्हा सुचले नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

आईने जन्मभर नऊवारी नेसली. वयाच्या पंचाहत्तरीनंतर तिचे गुडघे धरले आणि डावा हात खांद्याच्या वर उठेना. कासोटा खोचणे तिला एकटीला अशक्य झाले. रोज सकाळी माझी पत्नी तिला नेसवी, त्यात अर्धा तास जाई आणि आई भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी राहत असे. 1997 च्या दिवाळीत माझी धाकटी बहीण पुण्याहून आली ती आईसाठी सुती गाऊन घेऊन. फिकट निळा, पुढे बटणे असलेला. मी तो पाहिला आणि म्हणालो, "अगं, घरी चार माणसं येतात. आई गाऊनमध्ये बसलेली बरी दिसेल का?" बहीण म्हणाली, "दादा, तिला विचार ना." मी विचारले नाही. आई तेथेच बसली होती. तिने गाऊनची घडी केली, कागदात परत गुंडाळला आणि "राहू दे," एवढेच म्हणाली. पुढे वर्षभर नेसवण्याचा तो सोहळा तसाच चालला. हळूहळू तिने ओट्यावर येऊन बसणे सोडले, मग पाहुण्यांसमोर येणेही सोडले. तिला आता माणसांत रस उरला नाही, असे मी लोकांना सांगत असे.

ती गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा तो गाऊन निघाला. बहिणीने अंदाजाने आणलेला, काखेत आवळ होणारा. आईने दोन्ही कुशींची शिवण उसवून आतली माया मोकळी केली होती आणि हाताने पुन्हा टाके घातले होते. दुखऱ्या हाताचे ते टाके, लांब, वाकडेतिकडे. आयुष्यभर सरळ टीप घालणाऱ्या बाईचे ते टाके आहेत हे ओळखू आले नसते. गाऊन तिने आपल्या मापाचा करून ठेवला होता. अंगावर एकदाही घातला नव्हता.

मी तिला मनाई केली नव्हती, असे म्हणून सुटता येईल. पण ज्या घरात मुलाच्या एका वाक्याने आईचा पोशाख ठरतो, तेथे मनाई वेगळी करावी लागत नाही. मला तेव्हा वाटले की मी परंपरा जपतो आहे, महाराष्ट्रापासून दूर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या माणसांची ओळख जपतो आहे. ही भावना आपल्या घरांतून खोटी नाही. बोली, सणवार, नेसणे यांना घट्ट धरूनच आपण येथे मराठी राहिलो. पण परंपरेचा भार मी वाहत नव्हतो. तो मी एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर ठेवला होता. मी स्वतः तर चाळीस वर्षे पाटलोणीत कचेरीला गेलो होतो, आणि माझ्या मराठीपणाला त्याने बाध आल्याचे कोणी म्हटले नव्हते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मला तेव्हाही ठाऊक होते. 1883 मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यांनी आपला धर्म व आचार न सोडण्याचा निर्धार जाहीर केला होता. तिकडच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात हे ध्यानात आल्यावर मात्र त्यांनी गुजराती पद्धतीने, घोट्यापर्यंत पाय झाकणारी साडी नेसण्यास सुरुवात केली. 1885 च्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानी व सीरियन सहाध्यायिनींसमवेत त्या साडीतच बसलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी त्या डॉक्टर झाल्या. निर्धार आणि देहाची गरज यांत त्यांना विरोध दिसला नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला जे समजले ते मला पन्नाशीत समजले नाही. फरक एवढाच की त्या स्वतःच्या देहाविषयी ठरवीत होत्या आणि मी दुसऱ्याच्या.

देहाचा स्वीकार करा, असा उपदेश आजकाल पुष्कळ ऐकू येतो आणि तो बहुधा एकट्या माणसाला केलेला असतो. आरशासमोर उभे राहून स्वतःला समजवावे, म्हणजे झाले. मला तो अपुरा वाटतो. माणूस आपल्या देहाशी सुखाने राहील की नाही, हे त्याच्याभोवतीची माणसे त्याच्यासाठी किती माया सोडतात यावरही अवलंबून असते. आईने माझ्या प्रत्येक सदऱ्यात ती सोडली. माझ्याकडून तिला बोटभरही मिळाली नाही.

लग्नाला आठवडा उरला असताना मी कापड घेऊन पुन्हा त्या शिंप्याकडे गेलो. त्याने पोटाचे माप घेतले तेव्हा मी श्वास ओढून धरला नाही. दोन्ही कुशींना माया सोड, असे मी त्याला सांगितले. त्याला शब्द कळला नाही, म्हणून कापडाच्या कडेवर दोन बोटे ठेवून दाखवली.